अर्ध्या हळकुंडाने पिवळे

प्रश्न (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून, थोडक्यात) :

वाचक ४३ वर्षांच्या, शिक्षिका, सांगली भागातल्या. वडील, म्हणजे आप्पा, ७१ वर्षांचे. उभा जन्म हळदीच्या व्यापारात गेला. मधुमेह चौदा वर्षांचा. मागच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.३ आला आणि लघवीतून थोडं प्रथिन जातंय असं निघालं. चालू गोळ्या : मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलसाठी अटोर्वास्टॅटिन. चार महिन्यांपूर्वी अमेरिकेतल्या भावाने एक लेख पाठवला : मधुमेहात रक्तवाहिन्यांना आतून दाह होतो आणि कर्क्युमिन, क्वेर्सेटिन, बर्बेरिन यांसारखी वनस्पतींतली द्रव्यं तो शमवतात. मागोमाग कॅप्सूलच्या बाटल्याही आल्या. आप्पांनी अटोर्वास्टॅटिन परस्पर बंद केलं. म्हणतात, "आपल्या हळदीवर अख्खं जग संशोधन करतंय आणि मी कारखान्यातलं केमिकल गिळत बसू?" भाऊ म्हणतो, नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना. घरात रोज वाद होतात. ताई विचारतात : हे संशोधन खोटं आहे का? कॅप्सूल थांबवू की चालू देऊ?

उत्तर :

ताई,

पत्राच्या शेवटी शेवटी, जाता जाता, तुम्ही एक वाक्य लिहून गेला आहात : हल्ली सकाळी फिरून येताना आप्पांना दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, आणि ते म्हणतात, "बघ, साखर उतरतेय, गुण येतोय." बाकीचं निवांत बोलू, हे आधी.

हा गुण नसावा. साखर फार खाली घसरत असावी. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. बर्बेरिन स्वतः साखर उतरवतंच, शिवाय यकृतातली जी यंत्रणा ग्लिमेपिराइड मोडून बाहेर काढते तिला मंद करू शकतं. म्हणजे गोळी तेवढीच, पण अंगात तिचा जोर जास्त. पुढच्या वेळी घाम फुटला की लगेच ग्लुकोमीटर लावा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मीटर हाताशी नसेल तर साखर आधी द्या, मोजणं मागाहून. डॉक्टरांना आजच फोन करा आणि त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत बर्बेरिनची बाटली कपाटात जाऊ दे. ग्लिमेपिराइड मात्र तुमच्या मनाने कमी-जास्त करू नका. एकाहत्तराव्या वर्षी साखर घसरून रस्त्यात पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं, हे मी जवळच्या माणसाच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

आता तुमचा प्रश्न. संशोधन खोटं नाही. आप्पांनी धागाही बरोबर पकडलाय, हे त्यांना जरूर सांगा. तुम्ही दोघं भांडताय ते मात्र भलत्याच मुद्द्यावर, असं मला वाटतं.

रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. नॉनस्टिक तव्याच्या थरासारखं समजा : तो गुळगुळीत आहे तोवर काही चिकटत नाही. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं, त्याने रक्तवाहिनी सैल राहते. हा शोध लावणाऱ्या तिघांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की हा वायू कमी पडतो, अस्तरावर चिकट रेणू उगवतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना चिकटून भिंतीत शिरतात आणि आत धुमसत राहतात. दाह म्हणतात तो हाच. हृदयात, डोळ्याच्या पडद्यात, मूत्रपिंडात, पायांत, सगळीकडे तेच अस्तर. आप्पांच्या लघवीतून जाणारं प्रथिन ही मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांची तक्रार आहे.

मग वनस्पतींतली द्रव्यं हा दाह शमवतात का? प्रयोगशाळेच्या बशीत, हो. मी औषधशास्त्र शिकवण्यात बावीस वर्षं घालवली आणि त्यातली काही असल्याच बशांवर ओणवून. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची नाळ बर्फात घालून आणायची, तिच्यातल्या शिरेतून अस्तराच्या पेशी सोडवायच्या आणि बशीत वाढवायच्या. तीन-चार दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली दगडी फरसबंदीसारखा सलग थर दिसतो. सुरेख दिसतो. मग त्या साखरेत बुडवायच्या : आप्पांच्या मीटरच्या भाषेत ४५० ते ५४०, आणि तेही दोन-तीन दिवसच. नंतर कर्क्युमिन टाकायचं. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून आधी एका द्रावकात विरघळवायचं. नळीचं टोक, हातमोजा, टेबल, सगळं हळदीकुंकवाला बसल्यासारखं पिवळं. पेशींवरचे चिकट रेणू कमी होतात, निबंध लिहिला जातो, छापला जातो. त्यात लबाडी काहीच नाही.

पण आप्पा म्हणजे बशी नव्हेत. बशीत परिणाम दिसतो तो बहुधा दहा-वीस मायक्रोमोलर (द्रावणात द्रव्य किती, ते मोजायचं एकक) मात्रेला. तैवानमध्ये २००१ साली लोकांना तोंडाने रोज ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं गेलं, तेव्हासुद्धा रक्तातली पातळी दोनच्या आतच राहिली. आप्पा व्यापारी आहेत, त्यांनाच हिशेब करू द्या. हळदीत साधारण तीन टक्के कर्क्युमिन धरलं तर ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद पोटात जायला हवी. (ते लगेच म्हणतील, वायगावची घे, तिच्यात सहा टक्के असतं. बरं, तरी अर्धपाव.) आतड्यातून ते फारसं शोषलं जात नाही, जे शोषलं जातं त्याला यकृत लगेच वाटेला लावतं, आणि रक्ताइतक्या आम्लतेच्या साध्या द्रावणात ठेवलं तर अर्ध्या तासात त्यातलं बहुतेक आपणहून मोडून जातं.

भाऊ म्हणेल, म्हणून तर कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घातलाय, त्याने शोषण वीसपट होतं. होतं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये ते दाखवलं आहे. पण ही वीसपट जवळजवळ शून्याची. आणि मिरीतलं पायपरीन ज्या दाराशी कर्क्युमिनला वाट करून देतं, त्याच दारातून इतर औषधंही जास्त प्रमाणात आत येऊ शकतात. इतक्या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत ही गंमतीची गोष्ट नाही.

माणसांवर अभ्यास झालेच नाहीत असंही नाही. झाले आहेत, पण लहान, काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे. कुठे साखर थोडी उतरते, कुठे दाहाचा निर्देशांक. पण कर्क्युमिन घेणाऱ्यांचे हार्ट अटॅक कमी झाले, मूत्रपिंडं टिकली, असं मोठ्या अभ्यासातून अजून पुढे आलेलं नाही. हळकुंडाचा पहिला अर्धा भाग खरा आहे, ताई. आपण तेवढ्यावर पिवळे होऊन बसलो आहोत.

उरलेला अर्धा भाग कंटाळवाणा असतो. मात्रा किती, ती रक्तात पोचते का, कोणाला बाधते, हजारो माणसांना चार-पाच वर्षं देऊन खरंच काही वाचतं का. ज्या वनस्पतींनी तो टप्पा पार केला त्यांतली एक आप्पांच्या डब्यात आधीपासूनच आहे. मेटफॉर्मिनचं मूळ एका युरोपीय झुडपात आहे, गॅलेगा त्याचं नाव, निळसर-जांभळ्या फुलांचं. त्यातलं द्रव्य साखर उतरवायचं, पण विषारी होतं. त्याच घराण्यातला सौम्य रेणू रसायनशास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये बनवला, १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी तो मधुमेहींवर वापरून पाहिला आणि अमेरिकेत तर तो थेट १९९५ मध्ये बाजारात आला. दुसरी गोष्ट सफरचंदाच्या झाडाची. १८३५ मध्ये त्याच्या सालीतून फ्लोरिझिन वेगळं काढलं. त्याने लघवीतून साखर जाते, पण पोट बिघडतं आणि ते अंगी लागत नाही. रेणूची डागडुजी होत होत त्यातून 'ग्लिफ्लोझिन' गोळ्या निघाल्या. २०१५ मध्ये हृदयविकार असलेल्या सात हजारांहून अधिक मधुमेहींवरच्या अभ्यासात त्यांतल्याच एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. सालीपासून तिथवर १८० वर्षं. "कारखान्यातलं केमिकल" म्हणत आप्पा ज्याच्यावर रुसलेत, त्यातली एक गोळी झुडपाची नात आहे, एवढं त्यांना सांगून बघा.

या दुसऱ्या गोळीबद्दल डॉक्टरांना मुद्दाम विचारा. लघवीतून प्रथिन जाणाऱ्या मधुमेहींना ती मूत्रपिंडासाठीही देतात. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे संपलं आणि किंमत चांगलीच उतरली, त्यामुळे पूर्वी "महाग आहे" म्हणून राहिली असेल तर पुन्हा विषय काढा. आप्पांना ती चालेल का, हे त्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) बघून डॉक्टर ठरवतील.

आणि कळलावी. श्रावणात बांधावरच्या कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं दिसतात ना, तीच. आप्पा ओळखतील, आणि "तिच्या वाटेला जाऊ नका" असंही म्हणतील, कारण तिचा कंद जीव घेतो. त्यातलं विष म्हणजे कोल्चिसिन, आणि रक्तवाहिन्यांच्या दाहावर वनस्पतीतल्या कुठल्या द्रव्याचा पुरावा सर्वांत भक्कम असेल तर तो नेमका या विषाचा. २०२० मध्ये साडेपाच हजार हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना रोज अर्धा मिलिग्रॅम देऊन पाहिलं : हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे ३१ टक्क्यांनी कमी. पुढे २०२४ मध्ये, नुकताच अटॅक येऊन गेलेल्या सात हजारांवर रुग्णांत फायदा दिसला नाही. म्हणजे हेही प्रकरण अजून मिटलेलं नाही. अर्धा मिलिग्रॅम औषध, थोडं जास्त झालं की विष, मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखीनच जपून. भावाच्या "नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना" याला मला सुचणारं उत्तर कळलावीच.

अपायाबद्दल तुम्हीही थोड्या गाफील आहात, रागावू नका. "पैसे वाया जातील, दुसरं काय" असं तुम्ही लिहिलंय. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या घटना लागोपाठ नोंदल्या गेल्या. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने त्याबद्दल जाहीर सावध केलं. भाजी-आमटीतल्या हळदीबद्दल ही काळजी नाही. ती अर्क काढून घट्ट केलेल्या, शोषण वाढवलेल्या कॅप्सूलची आहे. आपल्याकडे करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा उठसूट प्यायला जात होता, तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृत दुखावलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने दोष वेलीच्या विषारी भावंडाला दिला. खरं काहीही असो, रुग्णाला काय, बाटलीत कुठली वेल होती हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आणि "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या पुड्यांत चक्क मेटफॉर्मिन किंवा ग्लिबेनक्लामाइड (ग्लिमेपिराइडच्याच जातीची गोळी) कुटून घातलेलं सापडल्याच्या घटना देशोदेशी आहेत. पुडीने साखर झपाट्याने उतरली की खूश होण्याआधी घाबरा. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. ती दिसली की दुकानदाराबद्दल तेवढं कळतं.

सगळ्यात जास्त मला बोचतंय ते बंद केलेलं अटोर्वास्टॅटिन. कोलेस्टेरॉलची गोळी म्हणून त्याची ओळख, म्हणून आप्पांना वाटलं, माझं कोलेस्टेरॉल तर बरं आहे. पण मधुमेहात ती रक्तवाहिन्यांसाठी देतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांना हृदयविकार झालेला नव्हता आणि कोलेस्टेरॉलही फार नव्हतं, अशा २८३८ मधुमेहींपैकी निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. मोठे हृदय-रक्तवाहिन्यांचे आघात ३७ टक्क्यांनी कमी. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी थांबवला. आप्पांना रक्तवाहिन्यांचा दाह शमवायचाय आणि तो कमी करणारी, हजारो माणसांवर पारखलेली गोळी त्यांनीच टाकून दिली! अंग दुखतं, पायात गोळे येतात असं काही असेल तर ते डॉक्टरांना सांगू दे. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते.

त्यांच्यासारख्याच माणसांची एक गोष्ट सांगते. डेन्मार्कमध्ये १६० मधुमेहींना निवडलं, सगळ्यांच्या लघवीतून आप्पांसारखंच थोडं प्रथिन जाणारं. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, खाणं, चालणं, सिगारेट, सगळं एकदम आणि नेटाने धरलं. सुमारे आठ वर्षांनी हृदय-रक्तवाहिन्यांचे आघात जवळपास निम्मे. एकवीस वर्षांनी हिशेब केला तेव्हा नेटाने सांभाळलेले लोक सरासरी जवळपास आठ वर्षं जास्त जगलेले. कुठलीही जादूची बाटली नव्हती त्यात.

तर करा काय? येत्या आठवड्यात घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, काढे टेबलावर मांडा आणि लेबलं वाचता येतील असे फोटो काढा. आप्पांनाच ते काम द्या. ते फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि "हे बंद करायला सांगा" असं म्हणू नका. "हे एकत्र चालतं का, ते बघा" असं म्हणा. आप्पांच्या देखत बंद करायला सांगितलंत तर पुढच्या बाटल्या गादीखाली जातील. तीन-चार महिने कॅप्सूल झाल्यात, तेव्हा यकृताची तपासणी करून घ्या. लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे प्रथिन किती जातंय ती मोजणी, पुन्हा करा, एका आकड्यावर विसंबू नये, ताप किंवा लघवीचा संसर्ग असला तरी ते वाढतं. डोळ्याचा पडदा वर्षभरात तपासला नसेल तर तोही. पुढेमागे एखादं ऑपरेशन ठरलं, अगदी दात काढायचा असला, किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली, तरी कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना न विचारता सांगायचं. लघवी पिवळीधमक, डोळे पिवळे, अंगाला खाज असं काही दिसलं तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर गाठायचे. हळदीचा रंग उतरला असेल म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

हळद स्वयंपाकातून काढायची का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. अजिबात नाही! बिनसाखरेचं हळद-दूधही खुशाल घेऊ द्या, औषध म्हणून नको, चवीसाठी. वनस्पतींतली द्रव्यं ताटातून घ्यायला माझी काहीच हरकत नाही, उलट तिथला पुरावा बाटलीपेक्षा बरा आहे. स्पेनमधल्या सात हजारांवर लोकांच्या अभ्यासात, ज्यात जवळपास निम्मे मधुमेही होते, भूमध्यसागरी पद्धतीच्या आहारासोबत रोज मूठभर अक्रोड-बदाम किंवा ऑलिव्ह तेल घेणाऱ्या गटांत हृदयविकार आणि पक्षाघात सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले. एकेक द्रव्य वेगळं काढलं की ती गंमत कुठे जाते कोण जाणे. तेव्हा ज्वारीची भाकरी, मोड आलेली उसळ, कांदा, पालेभाजी, मूठभर दाणे किंवा बदाम. मेथी हवी तर जरूर, तिच्यातला चिकट तंतू साखर हळूहळू शोषू देतो. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासांत रोज २५ ग्रॅम मेथी होती, आणि आपण चमचाभर भिजवून समाधान मानतो. वाढवायची तर हळूहळू, नाहीतर पोट फुगतं, आणि ग्लिमेपिराइड चालू असताना मीटर लावूनच.

आप्पांशी वाद घालू नका, सौद्यातला प्रश्न विचारा. ते कधी पोत्यावरचं लेबल वाचून माल घ्यायचे का? हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय बोली लावायचे का? मग या बाटलीतलं हळकुंड कुणी मोडून बघितलं, किती माणसांवर, किती वर्षं, हे त्यांना भावालाच विचारू द्या. मला वाटतं, ते तुमच्यापेक्षा कडक प्रश्न विचारतील.

भावावर चिडू नका. इतक्या लांबून त्याच्या हातात बाटली पाठवण्यापलीकडे फारसं काही नाही, आणि अपराधीपण असं पार्सलात भरून पाठवायची सोय झाली आहे. त्याला दुसरं काम द्या. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महाग पडतात, त्याचा महिन्याचा खर्च त्याच्याकडे. डॉक्टरांच्या भेटीच्या वेळी व्हिडिओवर हजर राहणंही त्याच्याकडे, म्हणजे काय ठरलं ते तुम्हाला पुन्हा समजावून सांगावं लागणार नाही. आणि शनिवारी रात्री आप्पांना फोन करून त्याने गोळ्यांचं काही विचारू नये. राजापुरी हळदीला काय भाव चाललाय ते विचारावं, अर्धा तास जाईल.